हॅलोमावशीची टकटक

आमच्या गल्लीत तिला सगळे हॅलोमावशी म्हणतात. माझी ती खरीखुरी मावशी, आईची धाकटी बहीण, त्यामुळे तिच्यावर चिडायचा हक्क फक्त माझा. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने उभं आयुष्य काढलं. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात वायर. गावातली भांडणं, सोयरिकी, मरणाच्या बातम्या सगळ्या तिच्या कानांवरून गेल्या, पण त्यातला एक शब्द कधी तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. गप्पांच्या बाबतीत ती अगदीच निरुपयोगी मावशी होती.

बोर्डावर घरचं बोलायला सक्त मनाई होती आणि सुपरवायझरबाई कायम पाठीमागे उभ्या. काका लवकर गेले. लेक शाळेतून एकटीच घरी यायची, आणि ती नीट पोहोचली की नाही या विचाराने मावशीचा जीव टांगणीला लागलेला असायचा. मग मायलेकींनी एक युक्ती काढली. लेक घरून फोन लावायची, एक शब्दही न बोलता रिसीव्हरवर नखाने दोनदा टकटक करायची आणि ठेवून द्यायची. मावशीला उलट काही बोलता यायचं नाही. ती नुसती पुढचा कॉल जोडायची. हे त्या दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं.

लेक मोठी होऊन बातमीदार झाली. एका कारखान्याचं घाण पाणी नदीत कसं सोडतात ते तिने फोटोंसकट छापलं. ती काम करायची ती बातम्यांची वेबसाइट बंद पाडली गेली, ऑफिसला कुलूप लागलं आणि अनोळखी माणसं मावशीच्या दाराशी येऊन लेकीची चौकशी करू लागली. तेव्हा लेक गाव सोडून गेली. कुठे ते सांगितलं नाही. जाताना आईच्या फोनमध्ये एक ॲप घालून गेली. त्याला नंबर लागत नाही, निरोप कुठल्या कंपनीकडे साठत नाही, या फोनमधून थेट त्या फोनमध्ये जातो.

"आई, यात मधे कुणीही बसलेलं नाही," लेक म्हणाली.

मावशीला ते जरा लागलंच. जन्मभर मधे बसलेली तीच होती ना.

अट एवढीच, की दोन्ही फोन एकाच वेळी चालू हवेत. निरोपाखाली पोहोचल्याची खूण उमटली, की लेक त्या घडीला पलीकडे आहे असं समजायचं. म्हणून दुपारची जेवणं उरकली की मावशी फोन चार्जरला लावून टेबलापाशी ताठ बसायची, ड्युटीवर बसल्यासारखी. लेकीने बजावून सांगितलं होतं, माझी लिंक, म्हणजे ॲपवर मला गाठायचा पत्ता, कुणालाही द्यायची नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

आणि तरी मावशीने ती दिली. एका दुपारी घरच्या फोनवर कुणी माणूस बोलला. आवाज गोड, घाबराघुबरा. म्हणाला, मी तुमच्या लेकीबरोबर काम करतो, आमचा फोटोग्राफर अत्यवस्थ आहे, फार अर्जंट आहे, तेवढं जोडून द्या. अर्जंट म्हटलं की आधी लाईन द्यायची आणि मग बाकीचं, हे मावशीच्या हाडीमाशी मुरलेलं. तिने लिंक पाठवून टाकली. वर मला अभिमानाने सांगितलं, की अजून हात तेवढाच चालतो. मी कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी लेकीचा निरोप आला. "आई, माझी लिंक कुणाला दिलीस?" मावशी उत्तर लिहीत होती, तेवढ्यात लेकीचं खातं बंद झालं. उत्तराखाली खूण उमटलीच नाही.

लेक सावध होऊन निसटली की कुणाच्या हाती लागली, हे कळायला वाटच नव्हती. पोलिसांत जावं, तर दाराशी चौकशीला येणारी माणसं त्यांचीच नसतील कशावरून? मावशी भांडी घासताना फोन खिडकीत ठेवायची आणि साबणाच्या हातांनीच धावायची. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

मग ॲपवर जोडून घेण्याची एक नवी विनंती आली. "आई, मी आहे. खूप काळजी वाटतेय. लवकर उत्तर दे." मी म्हटलं, घे की, वाट कसली बघतेस? मावशीचं बोट पडद्यापर्यंत गेलं आणि मागे आलं.

"ही तीच असली तर मी तिला दारातच उभी ठेवतेय," ती म्हणाली. "आणि नसली तर मी दुसऱ्यांदा जोडून देतेय."

तिने विनंती तशीच राहू दिली. रोज उघडून बघायची, रडायची, बंद करायची. पोटच्या पोरीला उत्तर न देणं म्हणजे काय असतं ते मी तेव्हा पाहिलं.

पुढे एका दुपारी आणखी एक विनंती आली. नाव नाही, मजकूर नाही, सोबत फक्त एक आवाजाची फीत. मावशीने फोन कानाला लावला, तोही सवयीने डाव्या. मलाही ऐकू आलं. खरखर, आणि मग नखाची टकटक. दोनदा. बस्स.

मी विचारत राहिले, काय झालं, कोण आहे? मावशीने विनंती स्वीकारली, पहिली पुसून टाकली आणि आवाजाचं बटण दाबून फोनवर नखाने दोनदा टकटक केली. बोर्डावर असताना तिला कधी उलट उत्तर देता आलं नव्हतं.

आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. खूण उमटली. त्या घडीला लेक तिथे होती.

"पोहोचली," मावशी म्हणाली. कुठे ते मी विचारलं नाही.