आक्काचा सॅक्सोफोन

"बसलं की सूर बी बसतोय रं," असं म्हणत ती सॅक्सोफोन गळ्यात अडकवायची आणि वाजवत घरभर चालू लागायची. वडगावात आमच्या भिंतीला लागून तिचं घर. यंत्रमागांच्या खडखडाटातही सूर जवळ आला की ती सोप्यात, लांब गेला की परसात, हे आम्हाला न बघता कळे. चार माणसांत बसूनही सारखं दाराकडे बघणारं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या गल्लीत ती आक्का.

तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवत. ते गेल्यावर त्यांचा जुना सॅक्सोफोन घेऊन ही त्यांच्या जागी उभी राहिली. वरातीत सगळ्यांना पाठ असलेलं गाणं चालू असायचं आणि मध्येच आक्काचा सूर भलतीकडे निघायचा. बँडमास्तर कावायचे, "आक्का, वाटेवर ये!"

"येतो की! जरा फिरून येतो." आमच्याकडच्या बायका अशाच ‘येतो, जातो’ बोलतात.

आणि खरंच, नाचणाऱ्यांचा पाय चुकायच्या आत ती गाण्यावर परतलेली असायची. तरी घरी येऊन तळमळायची. "माझं कायतरी चुकतंय बघ. सरळ जमतच न्हाय."

एका लग्नात गोव्याचा एक म्हातारा वादक पाहुणा म्हणून आला होता. वरात दारात पोचल्यावर तो तिला म्हणाला, "गाण्यातून असं फिरून येणं म्हणजेच जॅझ, बाई. कुणाकडे शिकलात?"

आक्कानं वाद्य तोंडापासून काढलं. "म्हंजे मी चुकत न्हवतो व्हय?"

त्यानंच तिला गोव्यातल्या एका हॉटेलात नेलं. तिथं ती काही वर्षं वाजवत होती. अधूनमधून घरी यायची, पण चहा निवायच्या आत परत जायची भाषा. मग स्कूटरवरून पडली आणि वरचे पुढचे दोन दात गेले. सॅक्सोफोन वाजवताना तेच दात वाद्याच्या तोंडावर टेकवायचे असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. नवे दात बसले, पण सूर डगमगायचा. हॉटेलानं दुसरा माणूस घेतला. आक्का वडगावात परतली आणि वाद्य न घेता नुसतीच या खोलीतून त्या खोलीत चालत राहायची.

शेवटी बँडमास्तरांनी तिला एका वरातीला नेलं. मीही होतो. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाजवलं. मास्तर खूश. "आज कसं शहाण्यासारखं वाजवलंस!"

परतताना ती झपाझप पुढं चालत होती. दारात आल्यावर भडकून म्हणाली, "भिऊन वाजवलं रं. दात हालंल म्हणून भ्यालो. असं वाजवण्यापरीस न वाजवल्यालं बरं."

पुढच्याच आठवड्यात ती गोव्याच्या रेल्वेगाडीत बसली. तेव्हापासून तिच्या दाराला कुलूप आहे. माझी कचेरी वाटेवरच्या खानापुरात, म्हणून तिथपर्यंत मी सोबत होतो.

"काम ठरलंय का, आक्का?"

"न्हाय. हुडकणार."

"आणि नाही मिळालं तर?"

"आदुगर ऐकू तर दे त्यास्नी."

खानापूरला मी उतरलो. गाडी सुटायला अवकाश होता. आक्कानं डब्याच्या दारात उभं राहून पेटीतून सॅक्सोफोन काढला आणि फुंकला. सूर मध्येच फाटला. फलाटावरची माणसं हसली. तीही हसली, आणि तो फाटलेला सूरच धरून पुढं निघाली. गाडी हलली. पुढच्या लोंढा स्टेशनाच्या बाजूच्या झाडांत डबा दिसेनासा झाला, तरी थोडा वेळ ऐकू येत होतं.