जीपची खांदशेकणी

बैल विकले की माणूस जरा निवांत होतो, असं मला वाटायचं. आमचे बाबा झाले नाहीत. गुडघ्यांनी वखरामागे चालायला नकार दिला, म्हणून त्यांनी जोडी विकली, तीही कुठे लांब नाही, भिंतीला भिंत असलेल्या माझ्या काकांना. त्यामुळे रोज सकाळी काकांच्या गोठ्यातून निघताना बैल आमच्या फाटकाकडे मान वळवायचे आणि बाबा घाईघाईने पेपर तोंडासमोर धरायचे. पेपर बहुतेक वेळा आदल्या दिवशीचाच असायचा.

पोळ्याला आमच्या गावात तोरणाखालची पहिली जागा आमच्या घराची. हल्ली बैल कमी झालेत, रांगेत ट्रॅक्टरही उभे राहतात, त्याला कोणी नाक मुरडत नाही. नियम एकच. जे येईल ते आपल्या पायांनी यायला हवं. ढकलून किंवा ओढून आणलेलं चालत नाही. यंदा पहिली जागा आपल्याला द्यावी, बैल तेच आहेत, नुसता गोठा बदललाय, असं काकांनी गोड आवाजात सुचवलं. त्यावर बाबा चार लोकांसमोर बोलून बसले, "माही जीप येईन. आपल्या पायानं."

ही जीप पेट्रोलची, माझ्या लग्नाच्याही आधीची. तिचं इंजिन कधीच जाम झालं होतं आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बाबांनी दिग्रसहून एका मोडीत निघालेल्या तसल्याच जीपचं इंजिन आणलं. आर्णीचा मिस्त्री बोलावला. बैल ज्या कडुनिंबाखाली बांधत, त्याच्याच फांदीला साखळी-पुली टांगून जुनं इंजिन निघालं आणि दुसरं बसलं. मी यवतमाळहून सणासाठी माहेरी पोचले तर आई दारातच म्हणाली, "तुह्या बाबाले समजाव. सकाळपासून इंजिनाशी बोलून राह्यले."

बोलत होते ते एकटेच. इंजिन काही उत्तर देत नव्हतं. किल्ली फिरवली की सेल्फ जेवण करून लवंडलेल्या माणसाला उठवावं तसा घुरघुरायचा. बऱ्याच आर्जवांनंतर ते पेटायचं, खोकायचं, सगळी गाडी गदागदा हलवायचं आणि बंद पडायचं. उतारावरून ढकललं तर थोडं चालायचं, पण तेवढ्यात आरसा गळून पडला. काका चहाची कपबशी घेऊन भिंतीपलीकडे उभेच असायचे.

"दादा, आवाज त बेस हाय. चालन कधी?"

मिस्त्रीनं प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला, टायमिंग मागेपुढे करून पाहिलं. दर वेळी त्याची खात्री पक्की असायची. "आता झालंच समजा भाऊ," असं तो म्हणाला की आई पूर्वी चहा टाकायची, आता तिनं ते सोडलं होतं. बाबांचं निदान वेगळंच. ते बॉनेटला कान लावायचे, रेडिएटरवर तळवा ठेवायचे आणि सांगायचे, "नव्या घरात आलं. रुळलं नाई अजून."

"भाऊ, हे इंजिन हाय, घरजावई नाई," मिस्त्री म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या दुपारी संशयितांत फक्त बॅटरी उरली. दणकट बॅटरी जवळपास एकच होती, काकांच्या ट्रॅक्टरमध्ये. बाबा मागायला जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी गेले. काकांनी इतक्या उदारपणे ती काढून दिली की मला भीतीच वाटली.

"ने बाई," ते म्हणाले. "जीप नाई आली, त माही बॅटरी तरी रांगेत येते का पाह्यजो."

बॅटरी जोडली. मला सीटवर बसवलं आणि चोक ओढून धरायचं, किल्ली मारायची, एवढं काम दिलं. मिस्त्रीचं डोकं बॉनेटमध्ये. सेल्फ थोडा जास्त जोरात फिरला, पण इंजिन घेईना. मी पुन्हा मारली, पुन्हा मारली, आणि चटका बसला म्हणून हात मागे घेतला.

"चोक तापला," मी म्हणाले.

"ताई, चोक तापत नसतो."

"मंग या, धरून पाहा."

त्यानं धरला. सोडताना त्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो बाबांसमोर बोलण्यासारखा नव्हता. चोकच्या वायरीवरच्या आवरणातून बारीक धूर निघत होता. मिस्त्री धुराकडे पाहत राहिला आणि मडगार्डवर बसून हसायला लागला. मग त्यानं आम्हाला समजावलं. सेल्फला गेलेला करंट इंजिनाच्या अंगातून बॅटरीकडे परत यायला हवा. इंजिनाखाली रबर, म्हणून परतीचा रस्ता एकच, इंजिनापासून जीपच्या सांगाड्याला, म्हणजे चेसीसला, जाणारी अर्थिंगची जाड वायर. तो बंद असला की करंट मिळेल त्या वाटेनं पळतो.

"डांबरी रस्ता सोडून हा पांदणीनं चालला," तो म्हणाला. "चोकच्या बारक्या वायरीतून. म्हणून सेल्फ सुस्त, आन् ठिणगी कमजोर, म्हणून इंजिन फडफड करते. ट्रॅक्टरच्या बॅटरीनं जोर केला, तवा ते दिसलं."

त्यानं एक जाड वायर घेतली, एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीला धरलं आणि मला खूण केली. किल्ली फिरवली न फिरवली तोच इंजिन पेटलं आणि एका सुरात चालू राहिलं. भिंतीपलीकडे कपबशीचा आवाज थांबला.

आता प्रश्न असा की अर्थिंगची वायर नवी, बोल्ट घट्ट, मग रस्ता बंद कशानं? मिस्त्रीनं चेसीसवरचा बोल्ट खोलला. खाली लालभडक, चकचकीत, जाड रंगाचा थर. मिस्त्रीनं बाबांकडे पाहिलं. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा कडुनिंबाकडे पाहायला लागले.

इंजिन साखळीला लटकत असताना, मिस्त्री जेवायला गेला तेवढ्यात, बाबांनी चेसीस रंगवून काढली होती. इंजिन जिथे जिथे टेकणार, वायर जिथे जिथे बसणार, तिथे तर दोन-दोन हात मारले होते. शिंगांना लावायचा रंग. गेल्या पोळ्याचा उरलेला डबा.

"मले वाटलं कंपनीचा रंग हाय," मिस्त्री म्हणाला.

"कंपनी शिंगाचा रंग लावते का?" आई म्हणाली.

"पण भाऊ, लावला काहून?"

"पोळ्याच्या तोंडावर कोणाले कोऱ्या अंगानं रांगेत उभं करत असतात काय," बाबा म्हणाले.

मी तोवर तोंड दाबून हसत होते. हे ऐकलं आणि हसू गेलं. तो डबा बाबांनी यंदाच्या शिंगांसाठी ठेवला होता, आणि शिंगं शेजारच्या घरी गेली होती. मला त्यांची फार दया आली आणि त्या काकांचा रागही आला, ज्यांनी तसं काहीच केलं नव्हतं.

कानस बाबांनीच हातात घेतली. त्यांनी टिकलीएवढीच जागा घासली, त्यापेक्षा जास्त रंग काढू दिला नाही. मिस्त्रीनं तिथं वायर कसली. संध्याकाळी खांदशेकणीची वेळ झाली. बैलांचे खांदे शेकतात तसं बाबा पळसाच्या पानावर हळद आणि तूप घेऊन जीपकडे निघाले.

"भाऊ, त्या जागी तूप नोको," मिस्त्रीनं हात जोडले.

मग बाबांनी स्टेअरिंगला आणि बॉनेटला तूप चोळलं आणि बैलांना म्हणतात तेच हळूच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भिंतीपलीकडून काकांचाही तोच आवाज आला.

दुसऱ्या दिवशी जीप आपल्या पायांनी गेली आणि पहिल्या जागेवर उभी राहिली. दिव्यांना बेगड, बॉनेटवर झेंडू. जनावरं बुजू नयेत म्हणून बाबांनी इंजिन बंद केलं. शेजारी काकांचे, म्हणजे आमचेच, बैल. झडत्यांना, म्हणजे पोळ्यात एकमेकांना चिमटे काढणाऱ्या दोन ओळींच्या गाण्यांना, सुरुवात झाल्यावर काकांनी आपली झडती म्हटली:

"चारा नाई, ढेप नाई, पेते तेल,
दादाची जीप म्हणे, मीच बैल."

सगळे हसले, बाबाही हसले. तेवढ्यात जवळच्या बैलानं उघड्या जीपमध्ये मान घातली आणि स्टेअरिंगचं हळद-तूप लागलेला बाबांचा हात चाटायला घेतला. बाबांनी हात काढला नाही.

तोरण तोडलं, पोळा फुटला, घरी परतायची वेळ झाली. आता इंजिन पुन्हा चालू होतं की नाही, हे पाहायला सगळी रांग थांबली. बाबांनी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात पेटलं. जीप बैलाच्या चालीनं निघाली, आणि मागोमाग काकांची जोडी. काकांचं फाटक आधी लागतं. काकांनी कासरा ओढला, चुचकारलं, दटावलं. बैल फाटकासमोरून सरळ पुढे आले, जीपमागे आमच्या अंगणात शिरले आणि कडुनिंबाखाली आपल्या जागी उभे राहिले. आई जीपची चाकं धुवायला तांब्या घेऊन बसली होती. चाकांवरून ती तशीच खुरांकडे सरकली.

काका धापा टाकत आले. "वहिनी, माहे बैल."

"जेवून जातीन," आई म्हणाली. "कालच आवतन गेलतं."

बाबांनी बॉनेट उघडलं. "तुही बॅटरी तेवढी घेऊन जा," ते म्हणाले. "बैल उद्या नेजो."

काका कासरा खुंटाळ्याला अडकवून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मले बी वाढा मंग."