फोटोपुरती पेटी

आमच्या कॉलेजात संगीत कक्ष आहे, हे मला आज कळलं. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मंडळी! पहिल्या वर्षापासून विचारतेय, "सर, गाणं शिकायची काही सोय आहे का?" उत्तर ठरलेलं, "तू केमिस्ट्रीची ना? मग अभ्यास कर."

आज तपासणीची समिती येणार होती. सकाळीच सरांनी मला बोलावून पेटीसमोर बसवलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच भाता मारला. नुसती फुसफुस झाली, सूर निघालाच नाही.

शिपाईमामा हळूच म्हणाले, "उंदरांनी कवाच खाल्लाय भाता. तू नुसती बोटं ठिव, पोरी."

मी बोटं ठेवली. समितीसमोर हसले. फोटो निघाला. समिती गेली आणि पेटी पुन्हा कपाटात गेली, कुलूपबंद.

संध्याकाळी नगरहून पाथर्डीला घरी पोचले, तोवर कॉलेजच्या ग्रुपवर तो फोटो आला होता. आईने तो शेजारच्या काकूंना दाखवला, "आमची पोर कालेजात पेटी शिकती हाय."

मला खरं सांगवलं नाही. आता आई म्हणतेय, तिला एकदा कॉलेजात येऊन माझं वाजवणं ऐकायचंय.

तुम्हीच सांगा, तिला काय ऐकवू?