मनोऱ्याच्या टोकाला हलकं पोर

"डॉक्टर, एका शब्दात सांगा. लहान मुलांनी हे असले व्यायाम करावेत की करू नयेत?"

दातेसाहेब टेबलावर पेन आपटत होते. ते आमच्या कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर. म्हणजे कँटीनच्या भाजीपासून कॉलनीतल्या नळापर्यंत सगळ्या तक्रारी ज्याच्या डोक्यावर येऊन पडतात तो माणूस. मी कारखान्याच्या दवाखान्यात बायकामुलांची डॉक्टर. पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत कारखाना नवा, कॉलनी नवी आणि मीही पदवी घेऊन नुकतीच आलेली.

"एका शब्दात नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"मग दोन शब्दांत सांगा. करू नयेत. शनिवारी मोठ्या साहेबांसमोर मीटिंग आहे. तिथे तुम्ही एवढंच बोला, तालीम बंद."

झालं होतं असं. कॉलनीच्या कुंपणाला लागून गावाची जुनी तालीम होती. तांबड्या मातीचा हौदा, वर पत्रे आणि बाहेर मोकळ्या जागेत पुरलेला मल्लखांब. जमीन कारखान्याने घेतली, त्यात तालमीची जागाही आली. पण ती तशीच चालू राहिली होती. गावातले बाबूराव वस्ताद तिथे गावातल्या आणि कॉलनीतल्या पोरांना शिकवायचे. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी मल्लखांबावर मुलांचा मनोरा बसवणं चाललं होतं. आदल्या संध्याकाळी मनोऱ्याच्या टोकावरचा दिनू, हातात झेंडा धरलेला, डोळे फिरून खाली आला. नशीब, खालच्या पोरांनी अर्धवट झेलला. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी हाडं शाबूत.

टेंगूळ मीच बघितलं होतं. पण दिवस उजाडला तोवर सगळी कॉलनी पेटली होती. बायका नळावर एकच बोलत होत्या, व्यायामाने पोरं खुरटतात, हाडं आखडतात, उंची मरते. दातेसाहेबांना आयतंच कारण मिळालं. त्यांना ती जागा सायकल स्टँडला हवी होती, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

"तुम्ही स्वतः जाऊन बघा," ते म्हणाले. "मल्लखांबावरची झाडून सगळी पोरं बुटकी आहेत. आणखी काय पुरावा हवा?"

मला खरंच उत्तर माहीत नव्हतं. आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर मान डोलवायची म्हटलं की माझं डोकं उठतं. रात्री पुस्तकं काढून बसले. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं तसलं चिवट, लवचीक काहीतरी. हाड तिथून वाढतं. त्या पट्ट्याला जबर मार लागला तर वाढ बिघडू शकते, एवढं पुस्तकात होतं. मल्लखांबावर चढल्याने असा मार लागतो का, यावर अवाक्षर नाही. लिहिणाऱ्याने मल्लखांब बघितलाच नसणार, बिचाऱ्याला काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी ओपीडी आटोपून तालमीत गेले. बाई माणूस आत आलेलं बघून दोन पैलवान लंगोटावर टॉवेल गुंडाळत पळाले. वस्ताद उठून उभे राहिले. साठीचा माणूस, कान मोडलेले, आवाज मात्र मऊ.

"या बाई. बंद करायचा हुकूम घेऊन आलाय जनू?"

"हुकूम नाही. बघायला आलेय."

"मंग बसा. बघायला कुनाची ना न्हाई."

बसले. आणि बघते तो काय, दातेसाहेब म्हणाले ते खरंच! मल्लखांबावरची पोरं एकजात लहानखुरी. हौद्यात कुस्ती खेळणारी त्यांच्याच वयाची पोरं चांगली हाडापेराची. म्हटलं, बायका म्हणतात ते बरोबर की काय?

"वस्ताद, ही मल्लखांबावरची सगळीच एवढीएवढीशी कशी हो?"

वस्ताद खो खो हसले. "अवं बाई, एवढीएवढीशी व्हती म्हनूनच तर तिकडं घेतली! थोराड पोरगं आलं की कुस्तीला. बारकं, चपळ दिसलं की मल्लखांबाला. पैल्या दिवशीच मी ठरवतो."

घ्या! म्हणजे तालमीने पोरं बुटकी केली नव्हती, बुटकी पोरं निवडून एका ठिकाणी उभी केली होती. कॉलनीने उलटा अर्थ लावला आणि मीही क्षणभर लावलाच होता. मला एवढा आनंद झाला की मी तिथल्या तिथे प्रश्नांची सरबत्ती लावली. जड वजन कधी देता? "मिसरूड फुटल्याबिगर न्हाई." कोपऱ्यातला तो दगडी नाल, ज्याला धरायला मूठ कोरलेली असते, तो कोण उचलतं? "मोठी मानसं. बारक्यानं हात लावला तर मी कान पिळतो." मग लहान मुलांना ताकद कशाने येते? "सोताचं अंग उचलून. जोर, बैठका, लटकनं. आनि काय पायजे?"

मला हे पटलं. स्वतःचं अंग पेलणं वेगळं आणि मोठ्या माणसांचा नाल उचलणं वेगळं. एकाने कूर्चेला मार बसेल असं वाटत नव्हतं, दुसऱ्याची मला भीती होती.

पण मग दिनू का पडला? ते कोडं तसंच होतं. घेरी येऊन पडला होता तो, हात सुटून नव्हे.

त्याच्या आईला दवाखान्यात बोलावलं. यमुना तिचं नाव. साताऱ्याकडची, नवरा मशीन शॉपमध्ये फिटर. दिनूचा सदरा वर केला तर बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक.

"जेवतो का हा?"

"जेवतो की! दोन भाकरी वाढते, ताटात कण राहत नाही. पण अंगाला म्हणून लागत नाही बघा बाई. त्या खांबानं माझं पोर शोषून घेतलं." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही सांगा साहेबांना. बंद करा म्हणावं ते."

जंत असतील म्हणून तपासलं. नव्हते. ताप नाही, खोकला नाही. दोन भाकरी खाणारं नऊ वर्षांचं पोर असं का दिसावं? दिनूला विचारलं तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला.

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा तालमीत गेले. यावेळी सराव सुरू व्हायच्या आधी पोचले, म्हणून एक गोष्ट दिसली जी आधी हुकली होती. मल्लखांबाची पोरं एका रांगेत उभी होती. वस्ताद एकेकाच्या कमरेला धरून उचलायचे, हातावर जरा तोलायचे आणि खाली ठेवायचे. "तू जड झालास गड्या, खालच्या थराला जा." पुढचा. "तू मधे." सगळ्यात हलका भरेल तो टोकाला, झेंडा त्याच्या हातात. आपल्या गुरूपासून हीच रीत चालत आली आहे, असं वस्ताद म्हणाले. खालच्या पोरांच्या खांद्यांवर भार कमी पडावा म्हणून. रीत चांगलीच होती.

रांगेत यावेळी एक नवं चिमुरडं पोर होतं, बंडू. दिनू त्याच्याकडे वळून वळून बघत होता. दिनूची पाळी आली तसा त्याने पोट पार आत ओढलं, छाती रिकामी केली आणि डोळे मिटले. देवळात गाभाऱ्यासमोर माणसं उभी असतात तशी ती मुद्रा होती. "हलका हायस," वस्ताद म्हणाले, आणि पोराचा चेहरा एकदम उजळला.

मी त्याला बाजूला घेतलं. "दिनू, भाकरी कुठे जाते रे?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला.

"आईला नाही सांगणार."

"शेजारच्या शेळीला," तो पुटपुटला. "मी उंबऱ्यात जेवायला बसतो."

"सगळी?"

"अर्धी मी खातो. कधीकधी." मग एकदम रडायला लागला. "बंडू माझ्यापेक्षा हलका आहे. तो वर जाईल ना!"

मला त्या पोराला एक धपाटा द्यावासा वाटला आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. वस्तादांना हाक मारली आणि सगळं सांगितलं.

वस्ताद मटकन हौद्याच्या कडेला बसले. "बाई, मी सगळ्या पोरांला सांगतो, खावा, प्या, दूध घ्या," ते म्हणाले. "आनि रोज ह्याच हातानं..." त्यांनी आपले दोन्ही पंजे उलटेसुलटे करून बघितले. "काय केलं म्हनायचं हे मी?"

"ठरवून केलं नाहीत. पण उद्या मीटिंग आहे, मला साहेबांना काहीतरी सांगावं लागेल."

"काय सांगनार?"

"ते तुम्हीच ठरवा."

ते उठले, पोरांना गोळा केलं आणि म्हणाले, "आजपासनं उचलून बघायचं बंद. खांबाला जो जास्त येळ लटकंल, त्यो टोकाला. आनि म्हैन्याला बाई वजन बगतील. ज्याचं उतरलं त्यो खांबाला हात लावायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "खालच्यांच्या खांद्याला जरा भार पडंल. पडू द्या. त्यांलाबी जोर वाढवायला सांगतो."

लगेच चाचणी झाली. दिनूचे हात सगळ्यांच्या आधी सुटले. पोटात काही नसलेल्या पोराची पकड कुठून राहणार? बंडूही लवकरच टपकला. टोकाला गेला किसन नावाचा एक बुटका पण घट्ट अंगाचा मुलगा, ज्याला आजवर कोणी खालच्या थराच्या वर चढू दिलं नव्हतं. तो स्वतःच एवढा चकित झाला की झेंडा उलटा धरला.

शनिवारी मोठ्या साहेबांनी विचारलं, "व्हॉट इज युअर ओपिनियन, डॉक्टर? मुलांनी करावं की नाही?"

"करावं," मी म्हटलं. "जड वजन मोठं झाल्यावर. बाकी सगळं आत्ता, पोटभर जेवून, आणि वस्तादांच्या नजरेसमोर." मग बरगड्यांपासून शेळीपर्यंत जसं घडलं तसं सांगितलं. साहेब हसले नाहीत, हे मला आवडलं. दातेसाहेब मात्र म्हणाले, "म्हणजे दोष तालमीचाच ना?" मी म्हटलं, "होता. काल सुधारला. तुमच्या कँटीनच्या आमटीची तक्रार मात्र वर्षभर चालू आहे, म्हणून कँटीन बंद करायचं का?" सायकल स्टँड मागच्या गेटापाशी झालं.

यमुनाला मी सगळं सांगितलं नाही, शब्द दिला होता. फक्त म्हटलं, जेवताना पोराला चुलीजवळ समोर बसवत जा.

सव्वीस जानेवारीला मनोरा झकास झाला. दिनू खालच्या थरात कडेला होता, नुसता टेकू द्यायला. वर किसनने झेंडा धरला, टाळ्या पडल्या, आणि दिनूच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. पण त्याने खांदा हलू दिला नाही, एवढं मी बघितलं. मला फार वाईट वाटलं. त्या पोराचा झेंडा माझ्यामुळे गेला होता, आणि तो गेला नसता तर पोरगाच गेला असता, हे त्याला कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतेय तर तो दारात हजर. एकटाच.

"बाई, जेवलं की हातात ताकद यायला किती दिवस लागतात?"

"सकाळी काय खाल्लंस?"

"दीड भाकरी. आई अजून देत होती, पण शाळेला उशीर झाला."

"मग अर्धी राहिलीय. ती खाऊन ये, मग सांगते."

तो धूम पळाला.

पुढे नोकरीभर आईबाप मला विचारत आले, एवढ्या लहान वयात मल्लखांबाला घालू का, जोर काढू देऊ का, जिम्नॅस्टिक्सला पाठवू का? मी पोराची नाडी नंतर बघते. आधी विचारते, तिथे शाबासकी कशाला मिळते?