महामायाची ऊब

जानेफळच्या महामायाने पत्र्याच्या शेडमध्ये अंडी उबवायचं मशीन बसवलं, तेव्हा महादेवराव आधी हसला. आजूबाजूच्या गावांना गावरान पिल्लं पुरवणारा तोवर तो एकटाच होता. मग पिल्लं घेणाऱ्या बाया तिच्याकडे वळू लागल्या आणि त्याचं हसू आटलं.

तिच्या शेडची विजेची वायर त्याच्या वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून येत होती. एका संध्याकाळी त्याने ती कापून टाकली. सकाळी महामायाने मशीन उघडलं तर आत सगळं गार. दोन दिवसांत फुटणारी अंडी. तिने एक कानाला लावलं. आत काहीच हललं नाही. जाब विचारायला गेली तर महादेवराव म्हणाला, "माह्या धुऱ्यावरून तुही वायर जाणार नाही. सूर्यावर चालव म्हणा मशीन!"

तिने तेच केलं. नवरा धम्मरत्न आणि ती, दोघांनी मिळून पत्र्यावर सोलर पॅनल चढवले. दिवसभर मशीन छान चाललं आणि दिवस मावळताच बंद पडलं. तीही अंडी गेली. पॅनल बसवणारा म्हणाला, "ताई, ऊन साठवून ठेवाले बॅटरी लागते. नुसत्या पॅनलनं रात्र निघत नाही."

वर्षभर दोघं लोकांच्या वावरात राबली, मग बॅटऱ्या आल्या. दुपारचं ऊन त्यांच्यात भरायचं आणि पहाटेपर्यंत अंड्यांना पुरायचं. पहिली पिल्लं निघाली तेव्हा धम्मरत्न नाचला. महामाया मात्र धुऱ्याकडे बघत उभी राहिली.

"आता तरी सोड ना त्याले," तो म्हणाला.

"काऊन सोडू?"

वैशाखात वादळ आलं. खांब आडवे झाले, गावात आठवडाभर लाईट नव्हती. महादेवरावचं जनरेटर दोन दिवस चाललं, मग त्याचं इंजिन बसलं. भर दुपारी तो बैलगाडीत अंड्यांचे ट्रे घेऊन, गोधड्यांनी झाकून, तिच्या दारात आला.

"महामाया, जागा असन त ठेव. जीव हाये यायच्यात."

"माह्याही अंड्यात होता, महादेवराव."

"चुकलं माह्यं."

"जागा हाये. तुमच्यासाठी नाही."

धम्मरत्न मधे पडला, "अंड्यायचं काय चुकलं?" तिने ऐकलं नाही. शेडचं दार सताड उघडलं. आतल्या पिल्लांचा चिवचिवाट अंगणभर झाला. तो महादेवरावला ऐकू येऊ दिला आणि मग दार लावून घेतलं. गाडी वळली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पावसाळ्यात महादेवरावने धंदा बंद केला, मशीन विकायला काढलं. महामायाने तेच घेतलं. धम्मरत्नला वाटलं, आता पिल्लं दुप्पट होणार. तिने ते शेडमध्ये येऊच दिलं नाही. महादेवरावच्या येण्याजाण्याच्या रस्त्याकडेला, कडुनिंबाखाली ठेवलं. तिथं ते गंजतंय. तो आता लांबच्या पांदणवाटेने वावरात जातो.