येहुदाकाकांची तबकडी आणि करंजाड्याचा पंप

येहुदाकाकांचं डोकं फिरलंय असं आमच्या अख्ख्या गल्लीचं मत होतं, आणि त्याला कारण एकच, ती तबकडी. साठच्या दशकातली, इंग्रजी रॉकची. गाणी कसली ती! गिटारी कोकलतात, मध्येच कोणी खोकतं, ढोल एकीकडे आणि गाणारा भलतीकडे. मी एकदा विचारलं, "काका, कान दुखत नाहीत?" तर म्हणाले, "सुरुवातीला दुखतात. मग ती माणसं काय करतायत ते कळायला लागतं. जरा धीर धरून ऐक ना." मी कसली ऐकतेय! ते मात्र कॉलेजपासून दर शुक्रवारी, शब्बाथ, म्हणजे त्यांचा ज्यू लोकांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत, ती पूर्ण ऐकायचे.

त्या तबकडीत एक खोडी आहे. शेवटची रेघ मुद्दाम गोल जोडलेली. सुई तिथे पोचली की घरघराटाचा तोच तुकडा वाजत राहतो, हाताने उचलल्याशिवाय थांबतच नाही. लीयाकाकू आतून ओरडायच्या, "उचला ती ब्याद, मला दिवा लावायचाय!" कारण शब्बाथचा दिवा एकदा लागला की शनिवारी तारे दिसेपर्यंत त्यांच्याकडे कोणी बटणाला हात लावत नाही. दुसऱ्याला 'बंद कर' म्हणायचीही सोय नाही. कधी पंखा राहिलाच चालू, तर माझी आई, कमळाबाई, आपणहून जाऊन बंद करून यायची. "त्यांना बोलता नाय येत, पन आपल्याला दिसतंय ना?" एवढंच म्हणायची.

काकू गेल्या. आई गेली. मालकाने गल्लीतली घरं पाडली, तेव्हा इस्रायलला असलेल्या निरीतने, त्यांच्या मुलीने, करंजाड्याला टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन दिला. मेंटेनन्सही ती तिकडूनच भरते. गुडघ्यांमुळे काकांचं सिनेगॉगला प्रार्थनेला जाणंसुद्धा सुटलं. एकटे आणि एकटेच.

मागच्या शुक्रवारी ऊन उतरलं. वेळ टळेल म्हणून काकांनी तबकडी चालू असतानाच दिवा लावला, डोळे झाकून प्रार्थना म्हटली. डोळे उघडले तर सुई शेवटाला. घर्रर्र, घर्रर्र. आणि आवाज मोठा, कारण हल्ली कमी ऐकू येतं.

"मग? घाबरलात?" मी रविवारी भेटायला गेले तेव्हा विचारलं.

"छे गं! बरं वाटलं. म्हटलं, आता कोणीतरी येणारच."

दाराची कडी काढून ठेवली. खुर्ची पुसून समोर मांडली. भांडायला तरी येतील, शिव्या तरी घालतील. आधी माफी मागायची, मग चिकाच्या हलव्याचा डबा पुढे करायचा, आणि विचारलंच कोणी तर पहिल्या बाजूपासून सगळं समजावून सांगायचं, असं सगळं ठरवून बसले होते. माणसाला माणसाची इतकी भूक लागावी?

जिन्यात पावलं वाजली, लिफ्ट आली-गेली, शेजारचं दार दणकन आपटलं. शनिवारची दुपारही सरली. कोणी फिरकलं नाही. शेवटी तारे दिसल्यावर काकांनी स्वतःच सुई उचलली आणि निदान माफी मागावी म्हणून चपला घालून खाली गेले.

खाली ही गर्दी! सोसायटीचा अध्यक्ष दीपेश, मिस्त्री, चार बायका. पाण्याचा पंप खोलून अंथरलेला. बिल्डिंग कालपासून घरघरतेय म्हणून दिवसभर पाणी बंद ठेवून मिस्त्री नट पिळत होता, आणि "थांबला, थांबला!" करत सगळे टाळ्या वाजवत होते. मेल्यांनो, कान आहेत की भोकं? एकाने तरी चार मजले वर चढायचं होतं!

काका पुढे झाले. "अहो, तो आवाज..."

दीपेश वळला. मुलगा तसा वाईट नाही, अदबीने बोलला. "काका, तुम्ही कोणाकडे आलात?"

"चारशे दोन."

"चारशे दोनमध्ये कोणी राहत नाही, काका. बाजूचा टॉवर असेल. पत्ता नीट बघा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" माझा पारा चढला होता.

"म्हटलं, असेल." काका हसले. "आणि गेलो बाजूच्या टॉवरकडे. ते सगळे वर जाईपर्यंत तिथल्या गेटापाशी उभा राहिलो."