सुभेदारांची पेटी

मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला तो उंब्रजला, आणि तोही चिमटा हातात धरण्याच्या पद्धतीवरून.

मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. गेली वीस वर्षं मी एकोणिसाव्या शतकातली शस्त्रक्रियेची हत्यारं गोळा करतो आहे. रक्त काढायच्या सुऱ्या, दात उपटायच्या किल्ल्या, हाड कापायची एक करवत. ही करवत आमच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. बायको म्हणते, "अहो, पाहुण्यांना पोहे देताना त्या करवतीवर पडदा तरी ओढत जा. मागच्या वेळी व्याह्यांनी अर्धी बशी तशीच ठेवली." ती हसते, मीही हसतो. पण कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असते.

उंब्रजला हायवेच्या कडेला जुन्या सामानाचं एक दुकान आहे. तिथं एका टोपलीत बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्यांखाली एक जुना चिमटा मला दिसला. मी खाली वाकलो तेवढ्यात शेजारून एका हातानं तो उचलला. साठीच्या आसपासचा, बारीक केस कापलेला माणूस होता. त्यानं चिमट्याच्या दोन कड्यांत अंगठा आणि तिसरं बोट घातलं, पहिलं बोट दांड्यावर ठेवलं, मनगट जरासं फिरवलं आणि चिमटा मिटला. मी वीस वर्षं असल्या वस्तू दोन्ही हातांत देवाच्या मूर्तीसारख्या धरत आलो होतो. त्या हातात तो चिमटा कामाला लागल्यासारखा दिसला.

"रक्तवाहिनी धरायचा हाय," तो मला म्हणाला. "आमच्या टेबलावर ह्याचा नातू असायचा."

तो तासगावचा निघाला. फौजेत वैद्यकीय विभागात होता. चोवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात हत्यारं देत उभा राहिला आणि सुभेदार होऊन परतला. आता द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड सांभाळत होता. जुनी हत्यारं का घेतो असं विचारलं तर म्हणाला, "हाताला सवय हाय, सर. हात रिकामा ऱ्हात न्हाई."

तो चिमटा त्यानं मलाच दिला. "तुमी आधी वाकला व्हता," म्हणाला. मला त्याबद्दल बरं वाटायला हवं होतं.

पुढं आमचं जाणंयेणं सुरू झालं. मी त्यांना वर्ष, बनावट, लाकडाची जात सांगायचो. ते मला सांगायचे, हे कुठल्या बाजूनं आत जातं आणि का. त्यांची एक सवय मला पहिल्याच भेटीत दिसली. कुणी बघायला आलं की ते पांढऱ्या कापडावर हत्यारं मांडायचे आणि ओठांतल्या ओठांत मोजायचे. माणूस उठला की परत मोजायचे. "पोट शिवायच्या आधी मोजायचं," त्यांनी मला समजावलं. "एक नग कमी आला तर टेबल सोडून कोण हालायचं न्हाई. मग ते साहेब का असंना." मात्र मी बघायला गेलो की ते मोजत नसत. मी एकदा विचारलंसुद्धा. "तुमचं काय मोजायचं? तुमी घरचं माणूस," ते म्हणाले, आणि कापड तसंच उघडं ठेवून चहा सांगायला आत गेले. त्यांची बायको आतून ओरडली, "दोघं मिळून दवाखाना काढा आन् आधी एकमेकाची डोस्की तपासा!"

आता फलटणच्या पेटीबद्दल.

फलटणला एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या मागं एक म्हातारी बाई राहायच्या. त्यांच्या आजेसासऱ्यांना कुणा गोऱ्या डॉक्टरनं दिलेली पेटी त्यांच्याकडं होती. पितळी कोपऱ्यांची, आत जांभळी मखमल, आणि प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खाच. पाय कापायच्या लांब सुऱ्या, करवत, रक्त थांबवायचा स्क्रूचा पट्टा, सुया. एकूण तेवीस नग, एकही कमी नाही. काळ्या शिसवी मुठींवर बारीक चौकटी कोरलेल्या, आणि करवतीच्या पात्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि लंडनमधल्या गल्लीचं नाव. असा पूर्ण संच मी फक्त परदेशी पुस्तकांतल्या फोटोंत पाहिला होता. सहा वर्षं मी दर दिवाळीनंतर त्या बाईंकडं मिठाईचा पुडा घेऊन जात होतो. त्या पेटी दाखवायच्या, चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "बघू पुढच्या वर्षी."

सातव्या वर्षी मी सुभेदारांना बरोबर नेलं. खरं कारण सांगतो. मला ती पेटी त्यांना दाखवायची होती. मला काय मिळणार आहे ते त्यांनी पाहावं, असं मला वाटत होतं.

बाईंनी पेटी उघडली. सुभेदार हात मागं बांधून बघत राहिले. मग विचारलं, "आजी, हे कोण वापरायचं?"

"वापरलं आजेसासऱ्यांनीच. माझे सासरे नुसती पूजा करायचे, दर खंडेनवमीला. ते गेले आणि पूजाही राहिली. मला एकटीला ती मखमल उचलवत नाही."

"मी करीन की," सुभेदार म्हणाले. एवढंच. मागितल्यासारखंही नव्हतं ते.

बाईंनी त्यांच्या हातांकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही काचेत ठेवणार ना हो?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पेटी त्या दिवशीच सुभेदारांच्या जीपमध्ये चढली. साताऱ्याला मला सोडेपर्यंत ते तीनदा म्हणाले, "सर, ही तुमची व्हती. तुमी म्हणा, आत्ता तुमच्या घरात ठिवतो." तीनदा मी नको म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "मिळाली?" मी म्हणालो, "म्हातारीचं डोकं फिरलंय." त्या बाईंबद्दल असं बोललेलं हे पहिलंच वाक्य.

त्यानंतर मला माझ्या कपाटाकडं बघवेना. सहा वर्षांत मी त्या बाईंना लाकूड विचारलं, साल विचारलं, मखमल बदलली आहे का ते विचारलं. हे कोण वापरायचं, एवढं विचारलं नाही. हे मला कळत होतं आणि त्यानं राग वाढत होता.

नवरात्रात सुभेदारांचा फोन आला. "सर, खंडेनवमीला पेटी मांडायची हाय. लय काळी पडल्यात हत्यारं. आमच्या थिएटरात असली दिसली असती तर कोर्ट मार्शल झालं असतं. काय करू? तुमालाच इचारून हात लावतो."

जुन्या पोलादावरचा तो काळसर थर म्हणजे त्या वस्तूचं वय असतं. तो काढायचा नसतो. कोरडं मऊ कापड, तेलाचा थेंब, बस. शिसवी मुठीला पाणी लावायचं नाही. असल्या वस्तूंमध्ये रमणाऱ्या कुणालाही मी हे पहिल्या दिवशी सांगतो.

त्यांना मी म्हणालो, "घासून काढा. आधी पॉलिश पेपर, मग एखाद्या वर्कशॉपमध्ये बफ मारून घ्या. मुठी सोड्याच्या गरम पाण्यात घाला, मळ सुटेल."

"नावं उडायची न्हाईत ना?"

"खोल असतात ती."

"तुमी म्हणताय म्हंजे झालं."

फोन दोन मिनिटांचा होता. मी ते रागाच्या भरात बोललो नाही. शांतपणे, वर्गात सांगावं तसं सांगितलं. मग चहा प्यालो आणि पेपर तपासायला बसलो.

खंडेनवमीला मी तासगावला गेलो. शेडच्या दारात ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला होता. खाली पाटावर छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, कोयता, आणि मध्ये पांढऱ्या कापडावर तेवीस हत्यारं. लग्नाच्या पंगतीतल्या चमच्यांसारखी ती चकाकत होती. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. मुठी राखाडी पडल्या होत्या आणि दोन मुठींना उभ्या चिरा गेल्या होत्या. करवतीच्या पात्यावर उजेड तिरपा पाडून पाहिला तेव्हा एका अक्षराची शेपटी तेवढी दिसली.

मला आधी आनंद झाला. हे लिहायला जड जातंय, पण वाईट वाटायच्या आधी आनंदच झाला. आता ही पेटी माझी नसली तरी चालणार होती.

"कशी दिसत्यात?" सुभेदारांनी विचारलं.

"छान," मी म्हणालो आणि पेढा खाल्ला.

थंडीत सांगलीला काही डॉक्टरांनी मिळून एका हॉलमध्ये जुन्या हत्यारांचं छोटं प्रदर्शन मांडलं. सुभेदार पेटी घेऊन आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी माझी करवत आणली होती. एक वयस्कर सर्जन पेटीपाशी थांबले. त्यांनी सुरी उचलली, अंगठ्यानं पातं चाचपलं आणि म्हणाले, "हे नवीन बनवलेलं आहे का?"

"न्हाई साहेब, जुनं हाय. फलटणचं."

"मग हे घासलं कुणी? अहो, वाटोळं केलं की सगळं!"

आजूबाजूची चार-पाच माणसं वळली. मी हातभर अंतरावर होतो.

"मीच," सुभेदार म्हणाले. "मिलिटरीची खोड. चकाकी दिसली न्हाई तर झोप लागत न्हाई."

लोक हसले. सर्जन माझ्या करवतीपाशी आले आणि म्हणाले, "ही बघा. अशी ठेवायची असते." माझ्या दंडावर त्यांनी थाप मारली. सुभेदारांनी मान हलवून दाद दिली. वीस वर्षांत मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती, आणि परतीच्या एसटीत मी करवत कापडात गुंडाळून सीटखाली सारली.

पुढचा महिना मी फोन उचलला नाही. ते माझं नाव घेऊ शकले असते, मग का घेतलं नाही, हे मला कळेना. त्यांना सगळं कळलं असेल या विचारानं झोप उडायची. कळलंच नसेल, या विचारानं जास्त उडायची. शेवटी एका रविवारी सकाळी तासगावची गाडी धरली.

बेदाण्याचा हंगाम होता. सुभेदार शेडमध्ये जाळ्यांवर माल पसरत होते. "या सर! मेला का जिता ते तरी कळवायचं," म्हणाले आणि ओंजळभर बेदाणे पुढं केले. मी घेतले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं. घासायचं नसतं हे मला ठाऊक होतं. पेटी तुम्हाला मिळाली म्हणून मुद्दाम सांगितलं.

ते जाळीवरचे घड सारखे करत राहिले.

"मुद्दाम?"

"हो."

"मला वाटलं चुकला आसाल," ते म्हणाले. "सांगलीला साहेब बोलले तवाच कळलं, तुमचं सांगणं चुकलं. म्हटलं, चार लोकांत मास्तरची चूक काढायची न्हाई. माणूस चुकतंय." मग म्हणाले, "नाव उडंल का म्हणून मी इचारलं व्हतं, सर."

"विचारलं होतं."

"पेटी तर चारदा देत व्हतो तुमाला."

"तीनदा," मी म्हणालो. ते तोंडातून गेलं कसं, देव जाणे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. "आवं, उभं का? भांडला काय पोरांवाणी?" तिनं विचारलं. ती कप ठेवून निघून गेली.

सुभेदार आतून पेटी घेऊन आले. पांढरं कापड अंथरलं. "नाव काय परत येत न्हाई," ते म्हणाले. "मुठीचं काय करायचं ते सांगा. आता खरं सांगा."

मी सांगितलं. जवसाचं तेल, अगदी थोडं, मऊ कापडानं, आणि मग मेण. चिरांमध्ये पाणी जाऊ द्यायचं नाही. हळदीकुंकू लावायचं तर कापडाला लावा, पोलादाला नको. त्यांनी तेल आणलं. आम्ही समोरासमोर बसलो आणि तेवीसच्या तेवीस हत्यारं पुसून काढली. दोनेक तास गेले असतील. मधे त्यांनी एकदाच तोंड उघडलं, "हळू, उलट्या बाजूला धार हाय," एवढंच.

राखाडी लाकूड हळूहळू काळं होत होतं. दुधारी सुरी माझ्या हातात आली. इतकं होऊनही तिचा तोल असा होता की ती मला खाली ठेववेना. मी क्षमा मागायला आलो होतो आणि ती सुरी मला हवी होती. तशीच, नाव गेलेली, घासलेली.

"ठिवा आता, सर," ते म्हणाले.

मी ती मखमलीत ठेवली. सुभेदार पेटीवर वाकले. झाकण लावायच्या आधी त्यांनी बोट एकेका खाचेवर नेलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन. मी हाताळल्यावर, पहिल्यांदाच. मी हात मांडीवर उघडे ठेवून बसून राहिलो. तेवीस झाल्यावर त्यांनी झाकण लावलं, कडी घातली आणि मान हलवली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तुमची गाडी किती वाजता?"